दीड पानाचं रसायन

१

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास दगडू फिटर कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर चढला आणि तिथून त्याने जाहीर केलं, की टाकी श्वास घेते आहे, तेव्हा कुणी व्हॉल्व्ह बंद करू नये.

वागळे इस्टेटच्या कारखान्यांत माणसं टाकीवर चढत नाहीत असं नाही. अठ्ठ्याऐंशीच्या संपात अर्धी युनियन चढली होती आणि उरलेली अर्धी जागा नाही म्हणून खाली राहिली होती. पण ती मंडळी मागण्या घेऊन चढतात. दगडूची मागणी एकच होती: खालच्यांनी आपापले चेहरे आधी नीट लावून घ्यावेत.

खाली उभ्या असलेल्या बाळ कर्णिकचा हात नकळत स्वतःच्या गालावर गेला.

कर्णिक हा कारखान्याचा वेलफेअर ऑफिसर. वय सव्वीस, राहणार नौपाडा, स्वभाव भित्रा. कामगारांच्या सुखदुःखाकडे पाहणं हे त्याचं काम, आणि आजवर त्याच्या वाट्याला आलेलं सर्वांत मोठं दुःख म्हणजे कँटीनच्या उसळीत सापडलेला एक बोल्ट. कारखाना औषधांना लागणारी रसायनं बनवायचा. कुठलं रसायन कुठल्या औषधाला लागतं हे कर्णिकने कधी विचारलं नव्हतं. विचारलं की भीती वाटते, असा त्याचा अनुभव होता.

दगडूला चौघांनी दोर लावून उतरवलं. अंग तव्यासारखं तापलेलं. छाती अशी धडधडत होती की सदऱ्याचं बटण हलताना दिसत होतं. डोळ्यांतल्या बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या की तपकिरी रंग उरलाच नव्हता, नुसतं काळं. त्या काळ्यात कर्णिकला स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो खरंच नीट लावलेला नव्हता.

"साहेब," दगडू कुजबुजला, "आता कोणाचा नंबर?"

नंबर आधीच लागले होते. बॉयलरवरचा नाथा भिंतीला पाठ लावून स्वतःच्या तळहाताकडे बघत होता आणि हुंदके देत होता, कारण तळहातावरच्या रेषा चालायला लागल्या होत्या. झाडूवाली भीमाबाई टेबलाखाली शिरली होती. वरचं छप्पर खाली येतंय, असं ती अगदी साध्या आवाजात सांगत होती, आणि तो साधा आवाजच सगळ्यांत भयंकर होता. तिघांचेही डोळे तसेच. काळे.

एवढ्यात प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि मुख्य केमिस्ट डॉ. आनंद पेंडसे बाहेर आले. पांढरा कोट, पांढरा चेहरा.

"कर्णिक," ते म्हणाले, "माझ्या कपाटातली एक बाटली चोरीला गेली आहे."

२

मालक पुण्याला होते. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोलिसांना कळवलंस?"

"अजून नाही, साहेब."

"कळवू नकोस. तू बघ कोणी केलं ते."

"साहेब, मी वेलफेअर ऑफिसर आहे."

"मग? हे वेलफेअरच आहे," असं म्हणून मालकांनी फोन ठेवला.

 अशा वेळी कर्णिक जे करायचा तेच त्याने केलं. तो गेटपाशी गेला.

गेटच्या केबिनशेजारी कोनाड्यात मारुती होता. कारखान्यात काडी ओढायलाही बंदी, म्हणून देवाला बाहेर गेटवर जागा मिळालेली. रात्रीचा वॉचमन भिवाजी पहाटे उदबत्ती लावायचा. तिची राख पितळेच्या वाटीत साठायची, आणि सकाळच्या पाळीचे कामगार आत शिरताना त्यातली चिमूट कपाळाला लावायचे. शनिवारी तर रांग लागायची. पूर्वी कारखान्यात रिवाज होता, की नवीन माल तयार झाला की त्यातला पहिला चमचाभर एक रात्र मारुतीपुढे ठेवायचा. मारुतीने त्या काळात जे काही पाहिलं ते दुसऱ्या कुठल्या देवाने पाहिलं नसेल. पुढे पेंडसे आले, त्यांनी कँटीनमध्ये तासभर भाषण केलं, 'रसायनाला नैवेद्य लागत नाही, शुद्धता लागते' असं सांगितलं, आणि रिवाज बंद पडला.

कर्णिकने चिमूट घेतली. थोडी कपाळाला आणि उरलेली जिभेवर. आईने दहावीच्या परीक्षेला लावलेली सवय. अंगारा आज कडू लागला. त्याला नवल वाटलं नाही. दिवसच तसा होता.

मागे वळला तर पेंडसे चार पावलांवर उभे. त्यांचं तोंड अर्धवट उघडलेलं.

"काय झालं, सर?"

पेंडशांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "काही नाही. चालू द्या तुमचं."

३

पहिला संशय युनियनच्या उत्तमवर. गेल्याच आठवड्यात दगडूने उत्तमची युनियन सोडली होती, आणि उत्तमने भर गेटवर सांगितलं होतं की 'ह्याला नाचवून नाय दाखवला तर नाव बदलीन.'

"बोललेलो मी," उत्तम म्हणाला. "पण साहेब, नाचवीन बोललेलो. टाकीवर चढवीन असं बोललेलो काय? शब्द धरायचा तर नीट धरा ना."

"बाटलीबद्दल तुला काय माहीत?"

"लॅबमध्ये आपल्याला एन्ट्री आहे काय? तो पेंडसे आमच्या सावलीला पण हात धुवायला लावतो." मग आवाज उतरला. "साहेब, खरं सांगू, माझी फाटलीय. दगडू माझा गाववाला आहे. भांडलो तरी त्याच्या पोरीच्या बारशाला मीच पाळणा आणलेला. त्याला आणि त्या दोघांना सिव्हिलला सोडून आलो आत्ता. जाताना दगडू मला बोलतो, 'उत्तम, तुला दोन कपाळं आहेत.' हसता येत नव्हतं मला."

दुसरा संशय कँटीनच्या हौसाबाईवर, कारण सगळ्यांचा पहिला संशय तिच्यावरच असतो. दहाचा चहा झाला आणि अकराला माणसं बिघडली, हा हिशेब कुणालाही जमण्यासारखा होता. हौसाबाई हातात झारा घेऊनच साक्षीला आली.

"आवं सायेब, च्या समद्यांनी घेतला. तुमीबी घेतला. तुमी चढलायसा का टाकीवर?"

"नाही, पण..."

"नाथ्याचा आज मारुतीचा उपास. त्यानं तर माझ्या उसळीकडं बघितलंबी न्हाई. आन ती भीमाबाई! तिला माझ्या हातचं चालत न्हाई, घरची भाकर बांधून आणती. दगडूनं तेवढी उसळ खाल्ली. आता एकानं खाल्ली, एकानं न्हाई, एकीनं घरची खाल्ली, आन तिघंबी येडी झाली, तर ह्यात माझी उसळ कुठं आली?"

कर्णिकने झाऱ्याकडे बघत मान डोलावली. युक्तिवाद बिनतोड होता. पण त्यामुळे गोष्ट सोपी झाली नाही, भीतिदायक झाली. अन्न एक नाही. चहा सगळ्यांचा. मग त्या तिघांच्याच पोटात जाऊन बसलं कसं? ज्याने बाटली नेली त्याने ती रिकामी केली असेल, की अजून त्याच्या खिशात असेल? कँटीनच्या माठात असेल? प्रत्येक पेल्याकडे बघून कर्णिकला तहान लागत होती, आणि पाणी प्यायचा धीर होत नव्हता.

४

"ही वस्तू आहे तरी काय, सर?"

पेंडसे प्रयोगशाळेत स्टुलावर बसले होते. आधी बोलेचनात. पण विषय रसायनाचा निघाला की त्यांना गप्प बसणं जमत नसे.

"अ‍ॅम्फेटामिन हे नाव ऐकलं असेल. मोठं घराणं आहे. त्यातले काही सदस्य डॉक्टरांच्या चिठ्ठीवर भेटतात, काही पोलिसांच्या ताब्यात. हा त्या घराण्यातला फारसा कुणी न पाहिलेला सदस्य. परदेशातल्या एका प्राध्यापकाने अभ्यासासाठी थोडासा मागवला होता. जागेपणी स्वप्नं दाखवतो, असं म्हणतात. जगात यावर एकूण दीड पान लिहिलं गेलं आहे. त्यातलं अर्धं पान म्हणजे 'अधिक संशोधनाची गरज आहे' एवढंच."

"उतारा?"

"दीड पानात उतारा नाही. माणसाला शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, ताप आणि रक्तदाब सांभाळायचा आणि वाट बघायची. साधारण दिवसभर."

"माणूस मरतो का?"

"त्याबद्दल दीड पानात मतभेद आहेत."

कर्णिकने टेबलाची कड धरली. पेंडसे मात्र आता रंगात आले होते. "आणि याचा खरा चमत्कार ऐका. घेतल्यावर दोन-तीन तास काहीच होत नाही. माणसाला वाटतं, आपल्याला काही झालंच नाही. तो कामं करतो, गप्पा मारतो. आणि मग दार उघडतं."

दोन-तीन तास.

कर्णिक मागे मोजायला लागला. अकराला दार उघडलं, तर दहाच्या चहाचा प्रश्नच नव्हता. उसळीचाही नव्हता, कँटीन साडेनऊशिवाय उघडत नाही. हे सगळं आठच्या सुमारास पोटात गेलं होतं. आठला काय असतं? आठला भोंगा असतो. गेट असतं. माणसं रांगेने आत येतात.

माणसं रांगेने आत येतात आणि कोनाड्यापाशी थांबतात.

त्याला तीन कपाळं आठवली. टाकीवरून उतरवलेल्या दगडूच्या कपाळावर घामाने ओघळलेली करडी रेघ. नाथाच्या कपाळावर तशीच. टेबलाखालच्या भीमाबाईच्या कुंकवाखाली तशीच. आता, राख तर सगळेच लावतात. पण सगळे कपाळाला लावून पुढे सटकतात. जिभेवर ठेवणारे भाविक दर शनिवारी चारच: दगडू, नाथा, भीमाबाई.

आणि बाळ कर्णिक.

५

भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याने मुद्दामच पाहिलं नाही. जिभेवरचा तो कडूपणा अजून होता, की आता वाटत होता?

"सर," तो म्हणाला, आणि आपला आवाज स्थिर आहे हे ऐकून त्यालाच आश्चर्य वाटलं, "तुम्ही मघाशी मला काय सांगणार होतात? मी अंगारा घेतला तेव्हा?"

"मी? काहीच नाही."

"तुम्ही तोंड उघडलं होतंत."

"अंधश्रद्धेबद्दल एखादा शब्द बोलणार होतो. मग म्हटलं, जाऊ दे."

"तुम्ही अंधश्रद्धेबद्दल एक शब्द बोललात असं कधी झालेलं नाही, सर. कमीत कमी तासभर बोलता." कर्णिकने बोट दाखवलं. "तुमच्या कोटाच्या खिशाला करडे ठसे आहेत. प्रयोगशाळेत तुम्ही कुणाला धुळीचा कण आणू देत नाही. ती राख आहे. आणि ज्या खिशाला राख आहे त्याच खिशात ती चोरीला गेलेली बाटली आहे."

पेंडशांनी खिशावर हात ठेवला. माणूस दुखऱ्या जागेवर ठेवतो तसा.

"तीन वेळा बॅच बिघडली," ते अखेर म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "तीन वेळा, कर्णिक. सगळं मोजून, सगळं शुद्ध असताना. चौथ्या वेळी मी... नारळ फोडला."

"आणि बॅच जमली."

"उत्तम जमली. मग वाटलं, आता जुन्या रिवाजाप्रमाणे मारुतीपुढे ठेवायला हवं. काल संध्याकाळी सगळे गेल्यावर मूर्तीमागे बाटली ठेवली. बाजूला खोबऱ्याचा तुकडा."

"बाटली उघडी?"

"बंद बाटलीतला नैवेद्य पोचत नाही," पेंडसे म्हणाले, आणि हे वाक्य आपण बोललो हे ऐकून त्यांनी डोळे मिटले. "सकाळी न्यायला गेलो तर खोबरं उंदराने नेलेलं, बाटली मूर्तीमागे आडवी, तोंड वाटीवर. निम्म्याहून जास्त भुकटी राखेत मिसळलेली. आणि रांग संपलेली."

"मग तुम्ही ओरडला का नाहीत? वाटी फेकली का नाहीत? मी तुमच्या डोळ्यांदेखत..."

"लोकांना काय सांगणार होतो? पेंडसे देवाला नैवेद्य दाखवतात? पंधरा वर्षं मी गावोगाव या विषयावर व्याख्यानं दिली आहेत, कर्णिक."

"आणि वाटी?"

पेंडशांनी मान खाली घातली. "मारुतीचा अंगारा. फेकायचा धीर झाला नाही."

कर्णिक गेटकडे धावला. वाटी जागेवर होती. त्याने ती रुमालात बांधली, केबिनमधल्या फोनवरून पोलिसांना कळवलं आणि मालकांचा पुण्याचा नंबर आपण विसरलो आहोत असं ठरवून टाकलं. मग गेटवर उभ्या उत्तमला रुमाल दिला. "पोलीस येईपर्यंत हे कुणाच्या हाती लागू देऊ नकोस. सगळं ह्यातच आहे. आता संपलं."

उत्तमने रुमालाची गाठ उकलून आत पाहिलं. चेहरा उतरला.

"अंगाऱ्यात होतं? साहेब, मग संपलेलं नाय. भिवाजी सकाळी ड्युटी सुटल्यावर ह्यातलीच पुडी बांधून घरी घेऊन गेला. मी होतो इथे."

"त्याने जिभेवर ठेवला?"

"त्याच्या तोंडात कायम तंबाखू, तो कुठे ठेवतोय. पुडी लक्ष्मीसाठी. लेक बाळंतपणाला आलीय त्याची. कळा सुरू झाल्या की पाण्यातून द्यायची, सुटका लवकर होते बोलला."

६

भिवाजी राहायचा त्या चेंदणीच्या कोळीवाड्यात, त्याच्या शेजारच्या दुकानात फोन होता. तो उचलणारं कुणी नव्हतं. पोलिसांची वाट बघायला केबिनमधला दिवसपाळीचा वॉचमन थांबला, वाटी त्याच्या स्वाधीन झाली, आणि उत्तमने आपली लुना काढली.

वेलफेअर ऑफिसर युनियनच्या पुढाऱ्याच्या कमरेला मिठी मारून चालला आहे, हे दृश्य एरवी वागळे इस्टेटने वर्षभर चघळलं असतं. आज कर्णिकला ते सुचलंही नाही. त्याला एवढंच दिसत होतं की एक बाई कण्हते आहे आणि कुणीतरी तिच्या तोंडाला पेला लावतं आहे. पेल्यात दगडूच्या पोटात गेलं तेच. पण दगडू आडदांड गडी. ही दिवस भरलेली पोर, आणि आत बाळ.

नौपाड्याच्या आसपास उत्तमच्या शर्टावरच्या चौकटी मोठ्या झाल्या. मग लहान झाल्या. मग परत मोठ्या.

"उत्तम," कर्णिक म्हणाला, "तुझा शर्ट श्वास घेतोय."

लुना डगमगली. "साहेब, असं बोलू नका. प्लीज. तुम्ही पण?"

"मी पण. तू थांबू नकोस."

"सिव्हिलला नेतो तुम्हाला!"

"आधी लक्ष्मी. काही झालं तरी आधी लक्ष्मी. आणि मी उतरायला लागलो तर उतरू देऊ नकोस."

कर्णिकने डोळे मिटले. ती चूक होती. आत जास्त उजेड होता. त्याने ते उघडले. रस्ता मऊ झाला होता. दुकानांवरच्या पाट्यांमधून अक्षरं एकेक करून खाली उतरत होती आणि त्याच्याकडे बघत होती. छातीत कुणीतरी मुठीने दार ठोकत होतं. जन्मभर तो झुरळाला, साहेबाला, कुत्र्याला, परीक्षेला भ्यायला होता. त्या सगळ्या भीत्या आता एकत्र येऊन मागच्या सीटवर त्याला चिकटून बसल्या होत्या, आणि लुनाला तेवढं वजन झेपत नव्हतं. तो मनात एकच वाक्य घोळत राहिला: पुडी द्या, पाणी ओता. पुडी द्या, पाणी ओता. वाक्य सुटलं तर आपणही सुटू, असं त्याला वाटत होतं.

७

चेंदणीत भिवाजीच्या अंगणात जाळी वाळत होती आणि बायकांची गर्दी होती. आतून लक्ष्मीचं ओरडणं येत होतं. भिवाजीची बायको आवडाबाई उंबऱ्यात उभी. तिच्या हातात पेला, पाणी करडं.

"मावशी, थांबा!" उत्तम लुना टाकून धावला. "ते देऊ नका! अंगाऱ्यात केमिकल पडलंय कंपनीतलं!"

"काय परलाय?"

"केमिकल! विष!"

"मारुतीच्या अंगाऱ्यान विष?" आवडाबाईचा आवाज खाडीपार गेला. "तुझ्या तोंडान परो विष! पोरीच्या कला सुरू झाल्यान, आन हा अभद्र बोलतंय! बाजूला हो!"

भिवाजी झोपेतून उठून आलेला. "उत्तम, युनियनचा काय हाय ता कंपनीन बोल. माझ्या दारान नको."

"अरे बाबा, खरं बोलतोय! दगडू टाकीवर चढलेला! हे साहेब आलेत बघ, साहेबांना विचार!"

सगळे साहेबांकडे वळले.

साहेब अंगणाच्या मधोमध उभा होता. समजावून सांगायला पाहिजे होतं: उंदीर, बाटली, दोन-तीन तास. पण जीभ हलत नव्हती. दात वाजत होते. वाळत घातलेली जाळी वर उचलली जात होती आणि खाली बसत होती, एका लयीत, आणि त्याचं अंग त्या लयीत पुढेमागे हलायला लागलं होतं. घामाने कपाळावरची राख नाकापर्यंत ओघळली होती. त्याने आवडाबाईकडे पाहिलं.

आवडाबाईने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. नुसतं काळं.

तिने पेला खाली केला. "धनी," ती हळूच म्हणाली, "ह्याचे डोले बघा. ह्याच्या अंगान आयलाय."

 मग एक म्हातारी पुढे झाली आणि कर्णिकच्या पायाशी वाकली. मागोमाग दुसरी. भिवाजीने डोक्यावरचा रुमाल काढला. तीन वर्षांत या माणसाने कर्णिकची एकही सूचना ऐकली नव्हती, हेल्मेटची तर मुळीच नाही.

कर्णिकला सगळं दिसत होतं, खूप लांबून, पाण्याखालून दिसावं तसं. ही माणसं काय समजताहेत ते त्याला कळलं. खोटं बोलायला त्याला नेहमी भीती वाटायची. पण आता भीती इतकी होती की त्यात आणखी एका भीतीला जागाच नव्हती.

"तो अंगारा," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता, बराच खालून आला. "तो माझा आहे. परत द्या. पाणी ओता. पुडी खाडीत सोडा. एक कणही ठेवू नका."

आवडाबाईने पेला तिथल्या तिथे अंगणात ओतला. भिवाजी देव्हाऱ्यातली उरलेली पुडी घेऊन खाडीकडे धावतच सुटला. इतकं तत्पर काम त्याच्याकडून कंपनीला कधी मिळालं नव्हतं.

"देवा," म्हातारीने हात जोडले, "पोरीची सुटका कधी व्हाची?"

हे कर्णिकला माहीत नव्हतं. "तिला हॉस्पिटलात न्या," तो म्हणाला.

"कंच्या, देवा?"

"सिव्हिल."

उत्तमने तोंडावर हात दाबून धरला होता. त्याला हसू येत होतं की रडू, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तो रिक्षा आणायला पळाला. पण रिक्षेसाठी थांबायला लक्ष्मीचं बाळ तयार नव्हतं. सुईण आतून ओरडली, दार लागलं.

कर्णिकचे पाय गेले. भिवाजी खाडीवरून परत आला तेव्हा तो जाळ्याखाली गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, आणि जाळ्याची भोकं त्याच्यावर मिटत होती, उघडत होती. देव गेला होता. उरला होता तो नौपाड्यातला सव्वीस वर्षांचा मुलगा.

"भिवाजी," तो पुटपुटला, "मी देव नाही. मी फक्त घाबरलोय. तो अंगारा मीपण खाल्लाय. खरंच विष होतं त्यात."

 भिवाजीने एकदा अंगणातल्या ओल्या डागाकडे पाहिलं, एकदा बंद दाराकडे. मग तो जमिनीवर बसला आणि त्याने साहेबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात खरखरीत होते. ती खरखर तेवढी जागेवर होती. बाकी सगळं हलत होतं.

"नाय सोडनार, साहेब," तो म्हणाला.

आत एक किंकाळी झाली. मग काहीच नाही. ते काहीच नाही फार मोठं होतं आणि वाढत होतं, आणि कर्णिकला वाटलं की पेला ओतायच्या आधी एक घोट गेला होता, आपण उशिरा आलो, त्या शांततेत आपल्याला जन्मभर राहायचं आहे.

मग रडण्याचा आवाज आला. बारीक, चिरका, रागावलेला.

कर्णिकने भिवाजीचा हात आवळला. आज टाकी श्वास घेत होती, शर्ट श्वास घेत होता. असल्या दिवशी कशावर विश्वास ठेवायचा?

"भिवाजी, कुणी रडतंय का?"

"हा साहेब. रडतंय." भिवाजीचे स्वतःचे गाल ओले झाले होते.

"तू ऐकलंस? तू स्वतः?"

"ऐकला मी."

"उत्तम, तू?"

रिक्षातून उडी टाकून आलेला उत्तम तिथेच मटकन बसला. "ऐकलं, साहेब. केवढ्याने बोंबलतंय!"

दार उघडलं. आवडाबाई बाहेर आली, फडक्यात काहीतरी लाल, सुरकुतलेलं गुंडाळलेलं होतं. ती देवाला दाखवायला आली होती. देव जमिनीवर पडून हुडहुडी भरल्यासारखा कापत होता, पण तिने तरी वाकून दाखवलंच. कर्णिकने पाहिलं. चेहरा इवलासा, डोळे घट्ट मिटलेले, तोंड मोठं उघडं.

आज दिवसभरात पाहिलेल्या चेहऱ्यांपैकी हा एकच नीट लावलेला होता.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्हीपण ऐकताय ना?"